कायदा झाला, पण लागू झाला का? राजपत्रातून तारीख अशी काढा

संसदेत विधेयक मंजूर झालं की बातम्या ‘नवा कायदा आला’ म्हणून मोकळ्या होतात. प्रत्यक्षात राष्ट्रपतींची संमती लागते, मग विधी व न्याय मंत्रालयाचा विधायी विभाग अधिनियम राजपत्रात छापतो, आणि तो लागू कधी करायचा हे बहुतेकदा संबंधित मंत्रालय नंतर कळवतं. जाहीर न केलेला कायदा लोकांवर लादता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1951 मध्येच ‘हरला विरुद्ध राजस्थान राज्य’ या खटल्यात सांगितलंय.

ई-गॅझेटच्या (केंद्र सरकारच्या ऑनलाइन राजपत्राच्या) साइटवर असाधारण राजपत्र, भाग 2, विभाग 1 उघडा. अधिनियम इथे सापडतो. वरच संमतीची तारीख असते आणि नेमकी तीच अंमलाची तारीख समजून लोक फसतात. सरळ कलम 1 वाचा. तिथे तारीख दिली असेल तर काम संपलं. काहीच नसेल तर साधारण खंड अधिनियम, 1897 (General Clauses Act) चं कलम 5 लागतं: संमतीचा दिवस हाच अंमलाचा दिवस. ‘केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे ठरवील त्या तारखेस’ असं असेल, तर शोध पुढे चालू. आता भाग 2, विभाग 3, उपविभाग (ii) बघा, ‘का.आ.’ (इंग्रजीत S.O.) क्रमांकाची अधिसूचना हवी. नियम उपविभाग (i) मध्ये, ‘सा.का.नि.’ (इंग्रजीत G.S.R.) क्रमांकाने येतात.

भारतीय न्याय संहितेला संमती मिळाली 25 डिसेंबर 2023 रोजी. ती लागू झाली 1 जुलै 2024 पासून, आणि तेही कलम 106(2) सोडून. म्हणून अधिसूचनेतलं ‘वगळून’ नजरेतून सुटू देऊ नका. शिवाय एकाच कायद्याची कलमं टप्प्याटप्प्याने लागू होऊ शकतात, त्यामुळे पहिली अधिसूचना सापडली म्हणून थांबू नये.

करांच्या बाबतीत घड्याळही बघावं लागतं. पाकिस्तानी मालावर 200 टक्के शुल्काची अधिसूचना 16 फेब्रुवारी 2019 रोजी रात्री 8 वाजून 46 मिनिटं 58 सेकंदांनी अपलोड झाली. त्याआधी त्याच दिवशी कागद दाखल केलेल्या आयातदारांना जुनाच दर लागला. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केलं.

घाई असेल तर इंडिया कोड या सरकारी कायदेसंग्रहाच्या साइटवर कलम 1 ची तळटीप बघा. तिथे सहसा तारीख आणि का.आ. क्रमांक मिळतो. अर्जात किंवा नोटिशीत मात्र हवाला मूळ राजपत्राचाच द्या.