घाणेरी काढताना या चुका टाळा

मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील घाणेरी, म्हणजेच टणटणी, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात शोभेसाठी आणली गेली आणि आज सह्याद्रीच्या उतारांवरही तिची दाट जाळी माजलेली दिसते. ती काढण्यासाठी श्रमदान होते, फोटोही निघतात, पण एक-दोन पावसाळ्यांत जागा पुन्हा तशीच होते.

याचे मुख्य कारण म्हणजे कोयत्याने जमिनीलगत केलेली छाटणी. खोड संपून मूळ सुरू होते तो सांधा मातीत शाबूत राहिला, की त्याच्यावरून एका खोडाच्या जागी अनेक कोंब फुटतात. म्हणजे अशी छाटणी करणारा माणूस नकळत झुडूप भरदारच करत असतो. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबू यांनी रूढ केलेल्या पद्धतीत बुंध्याभोवतीची माती कुदळीने मोकळी करून मुख्य मूळ या सांध्याच्या खाली, जमिनीत साधारण 3-5 सेंटिमीटरवर, तोडतात आणि झुडूप मुळे वर करून उलटे ठेवतात, जेणेकरून सांधा मातीला न टेकता उन्हात वाळतो. ओल्या मातीवर आडव्या टाकलेल्या फांद्यांना पेरांपाशी मुळे फुटू शकतात, हे पावसाळ्यात विशेष ध्यानात ठेवावे.

पेटवून देणे हा उपाय नव्हे, कारण वरचा भाग जळाला तरी बुंधा पुन्हा फुटतो आणि होरपळतात ती शेजारची देशी रोपे. काळीजांभळी फळे धरलेली असताना झुडपे ओढत नेल्यास बिया वाटभर सांडतात, म्हणून शक्यतो फळे पिकण्यापूर्वीच काम उरकावे. काढलेला पाला गुरांपुढे टाकू नये. त्यातील विषाने यकृतावर परिणाम होऊन जनावरांना कावीळ होते व उन्हाने कातडी सोलवटते.

मोकळी झालेली जागा तशीच सोडली, तर मातीतल्या जुन्या बिया उजेड मिळताच रुजतात. तेथे मारवेल, पवना यांसारखे स्थानिक गवत लगेच पेरावे. नवी रोपे मात्र सगळीकडे सारखी शोधत बसू नये: बुलबुलासारखे फळे खाणारे पक्षी ज्या झाडांवर व तारांवर बसतात, त्यांच्याखाली ती आधी दिसतात. पाने चुरगळून उग्र वास आला, की ओळख पटते, आणि पावसाने माती भिजलेली असताना बोटभर उंचीचे रोप हाताने मुळासकट सहज निघते.