छाटणीआधी इंजिन बांधताय? क्रँकची भोकं आधी धुवा

पोळा झाला. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली. निफाड, दिंडोरी, चांदवडकडे ज्यांचे ट्रॅक्टर उन्हाळ्यापासून निळा धूर टाकताहेत, ऑइल खाताहेत, त्यांनी इंजिन खोललंय किंवा खोलायच्या बेतात आहेत. काम आत्ताच उरकायला हवं, यात वाद नाही. पण बऱ्याच हंगामांत मी एकच हयगय पाहतोय आणि तिच्यापायी बागा गेलेल्या पाहिल्यात. लेथवरून भाग आले की डिझेलने खंगाळायचे, हवा मारायची आणि बसवून टाकायचे.

दिंडोरी तालुक्यातल्या एका बागायतदाराने असंच फुल इंजिन काम करून घेतलं. नवे लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी), नवे पिस्टन, क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा) दहा साइजला, म्हणजे एक पायरी बारीक, घासलेली. बाग पाच-सहा पानांवर आली, आभाळ भरलं, रिमझिम सुरू झाली आणि ऐन फवारणीत ऑइलचा लाल दिवा लागला. शेजाऱ्याचा ब्लोअर (ट्रॅक्टरवर चालणारं फवारणी यंत्र) मोकळा व्हायला तिसरा दिवस उजाडला. पुढच्या आठवड्यात पानांवर तेलकट डाग, मग घडांवर पांढरी बुरशी. डाऊनी, म्हणजे केवडा रोग, कुणासाठी थांबत नाही. चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) उतरवलं तेव्हा मी तिथे उभा होतो. बेअरिंगवर नख अडकेल अशा चऱ्या पडलेल्या. क्रँकच्या ऑइलच्या भोकात सायकलची तार घातली, तर टोकाला करडा चिखल आला. ग्राइंडिंगची पूड होती ती. क्रँक घासली, पण भोकं कुणी धुतलीच नव्हती.

म्हणून सांगतो, क्रँक ताब्यात घेतली की आधी तिच्या ऑइल गल्ल्यांचे (ऑइल वाहणाऱ्या आतल्या भोकांचे) प्लग काढायला लावा. मिस्त्री कुरकुर करेल, तरी काढायला लावा. प्रत्येक भोकातून लांब नायलॉनचा ब्रश आरपार फिरवा. एका तोंडातून साबणाचं पाणी सोडा, ते दुसऱ्या तोंडातून स्वच्छ येईपर्यंत थांबू नका. ब्लॉकच्या गल्ल्यांनाही हेच.

बोअरला, म्हणजे पिस्टन ज्यात चालतो त्या नळीला, आतून दगडाने घासून होनिंग केलं असेल तर डिझेल मुळीच पुरत नाही. होनच्या दगडाची पूड त्या तिरप्या बारीक रेघांत बसते. डिझेल, पेट्रोल, रॉकेल काहीही लावा, ती तिथेच दबते. तिला काढतं ते कढत पाणी आणि कपडे धुण्याची पावडर. मी १० लिटर पाण्याला मूठभर टाकतो. ब्रशने दोनदा-तीनदा घासा, स्वच्छ पाण्याने धुवा, वाळवा आणि लगेच ऑइलचा हात फिरवा. सप्टेंबरच्या दमट हवेत पाच-दहा मिनिटांत तांबूस गंज धरताना मी पाहिलाय. मग पांढऱ्या सुती कपड्याला ऑइल लावून बोअर पुसा. कापड राखाडी आलं तर पुन्हा धुवा. पांढरं आलं तरच पिस्टन आत. पाकिटातून काढलेलं नवं लायनरही धुऊनच बसवा.

बाकीची कामं:
- अ‍ॅल्युमिनियमचे भाग कॉस्टिक सोड्यात टाकू नका, धातू विरघळतो.
- गॅस्केटची बैठक सपाट पट्टीने खरवडा. ग्राइंडरची चकती लावू नका.
- हेड बोल्टच्या भोकातलं पाणी-ऑइल काढा. राहिलं तर बोल्ट आवळताना ब्लॉक तडकतो.
- ऑइल पंप, ऑइल गाळणारी जाळी, ऑइल कूलर उघडून धुवा.
- पिस्टन रिंगेच्या दोन टोकांतली फट १०० मि.मी. बोअरला साधारण ०.३० ते ०.४० मि.मी. टॉर्क आणि शेवटचा आकडा मॅन्युअलचाच.
- पुसायला वेस्ट (सुती धाग्यांचा गुंता) नको, त्याचे धागे जाळीत अडकतात.
- डिझेलचे पंप-नोझल घरी खोलू नका.

दुकानात गेलात की काउंटरवर फ्लशची बाटली, ऑइलमध्ये टाकायचं औषध, महागडा क्लीनर स्प्रे पुढे केला जाईल. घेऊ नका. गल्लीत अडकलेली पूड बाटलीतल्या औषधाने निघत नाही. ते पैसे चांगल्या बेअरिंगला आणि एअर फिल्टरला लावा. सिलिकॉनच्या ट्यूबचंही तेच. जास्त लावलं की आत सुटलेला तुकडा थेट जाळीवर जाऊन बसतो.

पितृपक्ष लागला की आणखी एक घोळ होतो. ‘आता घटस्थापनेलाच चालू करू’ म्हणून अर्धवट बांधलेलं इंजिन शेडमध्ये पंधरा दिवस उघडं पडतं. शेजारी कांद्याच्या चाळीची धूळ, वरून ओल. थांबायचंच असेल तर सगळं धुऊन, ऑइल लावून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा. आणि बसवायच्या दिवशी क्रँकच्या भोकातून पुन्हा ब्रश फिरवा. आत धूळ शिरली नसेल असं धरून चालू नका.

चालू करताना स्टॉप (डिझेल बंद करणारी दांडी) ओढून ठेवा. थोडं थोडं थांबत स्टार्टर मारा, ऑइलचा दाब आला की मगच स्टॉप सोडा. पहिलं ऑइल आणि फिल्टर ५० तासांनी बदला. माझं मत विचाराल तर ब्लोअरला जुंपायच्या आधी २० तासांनीच एकदा बदला. काढलेला फिल्टर कापून कागद उन्हात पसरा. चमचमणारे कण दिसले तर फवारणीच्या भरवशावर राहू नका, त्याच दिवशी चेंबर उतरवा.