सीबॅकमधलं शून्य

तासगाव तालुक्यातल्या उपकेंद्रावर सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणून रुजू झाले, तेव्हा पोर्टलवर गावाचं मन अगदी ठणठणीत होतं. तिशीपुढच्यांचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका चाचपणारी प्रश्नावली, आशाताई भरतात. त्याच्या शेवटी पीएचक्यू-2, म्हणजे नैराश्याची चाहूल घेणारे दोन प्रश्न, असतो: गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागत नाही असं किती वेळा झालं, उदास किती वेळा वाटलं. प्रत्येकी 0 ते 3 गुण. आमच्याकडे बघावं तिथं शून्य. द्राक्षछाटणीपासून बेदाण्याच्या सौद्यापर्यंत जीव टांगणीला लागलेल्या गावात!

ताईंबरोबर घरोघरी फिरले तेव्हा उलगडा झाला. प्रश्न सुनेला, उत्तर सासूचं. "तिला काय धाड भरलीय?" ताईंनी मुकाट शून्य टिपलं. त्यांना तरी काय बोलणार, पुढची घरं थांबलेली.

तेव्हा माझ्यासारखं उपकेंद्रावर काम करत असाल तर शून्यावर विसंबू नका, ओपीडीच्या जुन्या नोंदी चाळा. एक बाई तीन महिन्यांत पाच वेळा आलेली. अंगदुखी, डोकेदुखी, पित्त, परत अंगदुखी. दर वेळी बी-कॉम्प्लेक्स नाहीतर कॅल्शियम. बीपीचा पट्टा बांधताना, खोलीत दोघीच होतो, सहज विचारलं, "झोप लागते का?"

"लागती की. पण तीनला डोळं उघडत्यात, मग आढ्याकडं बघत पडायचं."

मग नऊ प्रश्नांचा पूर्ण पीएचक्यू-9 केला. 27 पैकी 14. आता, 10 किंवा पुढे आकडा गेला म्हणजे निदान झालं असं नाही. डॉक्टरांकडे पाठवायचं, एवढंच. थायरॉइडही तपासून घ्या, तो मंदावला तरी माणूस असाच दिसतो. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याचा. तिथं एक जरी गुण पडला तर बेरीज करत बसू नका, लगेच वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन लावा. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलेला असू द्या.

फॉर्ममध्ये नसलेला एक प्रश्नही विचारत जा: झोप नसतानाही अंगात वारं भरल्यागत काही दिवस गेले होते का? बायपोलर, म्हणजे कधी उदासी तर कधी अतिउत्साह असा आजार, असेल तर नुसत्या नैराश्याच्या गोळीनं माणूस दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. 'हो' आलं तर चिठ्ठीवर ठळक लिहा.

माझ्या हातून घडलेलंही सांगते. पाठवायच्या रुग्णांच्या यादीचा स्क्रीनशॉट मी नावांसकट कामाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला होता. लगेच काढला, पण ग्रुपमध्ये गावातलीच माणसं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं ही माहिती गुप्त ठेवणं आपल्यावर बंधनकारक आहे, हे प्रशिक्षणात ऐकलेलं तेव्हा कुठं कळलं.

ती बाई पुढच्या वेळी आली, तीही आधी टॅबकडे बघत. "मॅडम, ह्यात लिवलेलं सासूला दिसत न्हाई न्हवं?"

बाहेर बाकावर सासू बसलेली होती. मी उठून आधी दार लोटलं.