टेम्प्लेट इनहेरिटन्सची मांडणी कशी करावी

टेम्प्लेट म्हणजे वेबपानाचा साचा आणि टेम्प्लेट इनहेरिटन्स म्हणजे एका मूळ साच्यावरून बाकीची पाने बेतणे. जँगो (पायथनमधील वेब फ्रेमवर्क) किंवा जिंजा (पायथनमधील टेम्प्लेट इंजिन) वापरताना प्रथम एक मूळ टेम्प्लेट तयार करावे, सर्व पानांना समान असलेला मजकूर त्यात एकदाच लिहावा आणि जे पानागणिक बदलणार आहे तेवढ्याच ठिकाणी नाव दिलेले ब्लॉक, म्हणजे पानाला बदलता येणारे भाग, ठेवावेत. पानाचे टेम्प्लेट मूळ टेम्प्लेटशी जोडणाऱ्या ‘एक्स्टेंड्स’ या टॅगने (टेम्प्लेटमधील सूचनेने) सुरू करावे, जँगोमध्ये तो पहिलाच टॅग असावा लागतो.

खरी कसोटी ब्लॉक किती ठेवावेत याची असते. शीर्षक, मुख्य मजकूर आणि स्क्रिप्ट एवढ्यांपासून सुरुवात करून गरज पडेल तसे ब्लॉक वाढवावेत, कारण एखादे नाव अनेक पानांत वापरले गेले की ते बदलणे जिकिरीचे होते. स्क्रिप्टच्या ब्लॉकमध्ये पानाने स्वतःची एक ओळ घातली, की मूळ टेम्प्लेटमधील त्या ब्लॉकचा सगळा मजकूर गळतो आणि कोणतीही त्रुटी न दाखवता, उदाहरणार्थ, त्यातील स्क्रिप्टवर चालणारा मेनू बंद पडतो. म्हणून तेथे मूळ ब्लॉकचा मजकूर कायम ठेवण्यासाठी जँगोत ‘ब्लॉक.सुपर’ आणि जिंजात ‘सुपर()’ आवर्जून लिहावे. पानाच्या टेम्प्लेटमध्ये ब्लॉकबाहेर लिहिलेला मजकूरही असाच मुकाट्याने वगळला जातो.

मूळ, विभाग आणि पान अशा तीन पातळ्या बहुधा पुरतात. केवळ एखादा तुकडा पुन्हा वापरायचा असेल, तर दुसरे टेम्प्लेट त्या जागी घालणारा ‘इन्क्लूड’ टॅग अधिक योग्य ठरतो.