मुलाच्या डोळ्यात लेन्स बसवायची आहे? आधी हे वाचा

आमच्या भाचीच्या तिसऱ्या वाढदिवसाच्या फोटोत फ्लॅशमुळे एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरी दिसत होती, घरात सगळे म्हणाले मोबाईलचा प्रॉब्लेम असेल. तुम्हाला असं दिसलं तर त्याच आठवड्यात लहान मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा, चष्म्याच्या दुकानात नाही, कारण मोतीबिंदू (डोळ्यातलं भिंग पांढरट, धूसर होणं) असू शकतो आणि क्वचित डोळ्याचा कॅन्सरही असाच दिसतो. पैशाची अडचण असेल तर अंगणवाडीत किंवा शाळेत तपासणीला येणाऱ्या आरबीएसकेच्या (सरकारच्या बालआरोग्य कार्यक्रमाच्या) टीमला सांगा, जन्मजात मोतीबिंदू त्यांच्या यादीत आहे.

बाळ सात महिन्यांच्या आतलं असेल तर बहुतेक वेळा मोतीबिंदू काढतात पण त्या जागी डोळ्याच्या आत कृत्रिम लेन्स लगेच बसवत नाहीत, आधी कॉन्टॅक्ट लेन्स किंवा जाड चष्मा देतात. अमेरिकेत ११४ बाळांवर अभ्यास झाला त्यात लेन्स बसवलेल्यांची नजर काही जास्त चांगली निघाली नाही, उलट पुन्हा ऑपरेशनं जास्त करावी लागली. म्हणून लेन्स नंतर म्हणाले तर घाबरू नका, पण दाट मोतीबिंदू काढायचं लांबवू नका, तिथे आठवडे मोजतात.

डॉक्टरांना एक नक्की विचारा, ऑपरेशननंतर नंबर किती राहणार? जन्मतः डोळा साधारण १७ मिमी लांब असतो, मोठेपणी २३-२४ होतो, म्हणून लहानपणी मुद्दाम थोडा प्लस नंबर ठेवतात, डोळा वाढेल तसा तो कमी होतो. वर ही लेन्स आपल्या भिंगासारखी जवळचं-लांबचं फोकस करत नाही, त्यामुळे चष्मा लागतोच, ऑपरेशन फसलं असं समजू नका.

आणि खरं काम पुढे आहे, पट्टी! चांगला डोळा झाकायचा, म्हणजे आळशी झालेला डोळा बघायला शिकतो. भाची पहिले चार दिवस पट्टी ओरबाडून काढायची, मग वहिनीने आंघोळीनंतर कोरड्या गालावर लावायला सुरुवात केली आणि लगेच समोर ताटलीत कुरमुरे आणि डाळं मिसळून ठेवायची, डाळं वेगळं करायला. त्यात अर्धा तास जायचा, संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीला बोटी मोजायच्या. किती तास ते डॉक्टर सांगतील तेवढेच, स्वतःहून कमी-जास्त नको.

डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. डोळ्याचं प्रेशर तर मोठेपणीही तपासत राहायचं, काचबिंदू वर्षांनी होऊ शकतो. लेन्सच्या पॉवरचं स्टिकर फाइलमध्ये चिकटवून घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा, डॉक्टर बदलला तर पहिलं तेच मागतात.