झाकणं आणि खराट्याची काडी

‘क कमळाचा’ घडाघडा म्हणणारं पोर ‘काका’ मात्र वाचू शकत नाही. चित्र पाठ झालेलं असतं, आवाज कानाला ओळखू येत नसतो. आमच्याकडे हे असं सुटलं :

१. आधी फक्त कान. मटार सोलता सोलता विचारायचं, “‘म’ने सुरू होणारं इथे काय काय आहे?” मटार, मिरची, मीठ, मांजर. आमची लेक एकदा ‘मावशी’ म्हणाली आणि दाराकडे बोट दाखवलं. खरंच आली होती. पाटी-पेन्सिल आठवडाभर नकोच.

२. मग बाटल्यांची आठ झाकणं घ्या. क, म, र, ल प्रत्येकी दोन झाकणांवर मार्करने ठळक लिहा. ही चारच, कारण दिसायला आणि ऐकायला वेगळी आहेत. क-ख-ग ओळीने घेतलं की मुलं गोंधळतात.

३. खराट्याच्या काडीचे दोन बोटभर तुकडे करा. हा काना. ‘क’शेजारी काडी ठेवली की ‘का’, उचलली की ‘क’. काडी मुलालाच ठेवू-उचलू द्या, सगळी गंमत त्यातच आहे.

४. आता शब्द जुळवा : मका, कार, लाल, काका, मामा. आधी तुम्ही बोला, मुलाने झाकणं लावायची, नंतर उलट.

दहा मिनिटं पुरे. कंटाळा दिसला की डबा बंद.

तीन वर्षांखालचं भावंड घरात असेल तर झाकणं मोजून उचला, ती थेट तोंडात जातात.