कर्मचारी नसतानाही समूह आरोग्य विमा

स्वतःचा छोटा व्यवसाय असलेल्याने समूह आरोग्य विम्याची चौकशी केली की बहुधा किमान कर्मचारीसंख्येची अट आडवी येते. अशा वेळी विमा कंपनीऐवजी आधी आपल्या व्यवसायाच्या संघटनेकडे विचारणा करावी, कारण काही संघटना सभासदांसाठी समूह पॉलिसी घेतात आणि तिच्यात एकटा मालकही केवळ सभासद या नात्याने सामील होऊ शकतो.

१. संघटनेची वर्गणी आणि विम्याचा हप्ता यांची बेरीज करूनच वैयक्तिक पॉलिसीशी तुलना करावी.

२. माहितीपत्रकावर न थांबता मूळ पॉलिसीची प्रत मागावी आणि आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ (म्हणजे ज्या काळात त्या आजारांचा खर्च विम्यातून मिळत नाही), कुटुंबीयांचा समावेश व सभासदत्व संपल्यावर विमासंरक्षणाचे काय होते, ही कलमे वाचावीत. (शेवटचे कलम सहसा कोणी वाचत नाही, आणि नेमके तेच पुढे अडचणीचे ठरते.)

नव्या पॉलिसीत नाव नोंदवल्याचा लेखी दाखला हाती येईपर्यंत जुनी वैयक्तिक पॉलिसी मात्र बंद करू नये. समूह पॉलिसी संघटनेच्या नावावर असते आणि तिचे नूतनीकरण करायचे की नाही, हे आपल्या हातात नसते.